एंटेबे : एका रात्रीचे यश आणि त्याचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी कार्यवाहांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा मोठाच प्रश्न पडला. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेले एक साधे पदवीधर आणि केंद्र सरकारच्या सेवेत उभे आयुष्य फायली उपसण्यात घालविलेले अधिकारी. साहित्यावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि अध्यात्मावर बोलण्याची वेळ अजून आलेली नाही. तेव्हा आपल्या मंडळाच्याच वयाची एक घटना आम्ही निवडली. मंडळाचे रोपटे या परमुलखात लावले गेले त्याच सुमारास, १९७६ च्या जुलै महिन्यात, आफ्रिकेतील युगांडा देशात एंटेबे येथील विमानतळावर इस्रायलच्या सैनिकांनी रात्री उतरून शंभरावर ओलिसांची सुटका केली. या सुटकेची कथा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. तिचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही, तो आज मांडावा असा मानस आहे. येथे व्यक्त होणारे विचार आमचे व्यक्तिगत आहेत, शासनाचे नव्हेत, एवढे सरकारी नोकराच्या सवयीने आरंभीच नमूद करून ठेवतो.

हा विषय आमच्या मनात घर करून राहिला त्यास एक कारण आहे, आणि ते सांगताना आजही थोडी लाज वाटते. १९९९ च्या डिसेंबर महिन्यात काठमांडूहून दिल्लीस येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्या वेळी आमची नेमणूक याच शहरात होती. नोकरी नवी, वय तिशीच्या आतले. त्याच आठवड्यात मंडळाची मासिक सभा होती आणि चहाच्या वेळी साहजिकच त्या विमानाखेरीज दुसरा विषय नव्हता. आम्ही तावातावाने म्हणालो, "इस्रायलने एंटेबेला जे केले ते आपण कंदाहारला का करू नये? चार माणसे गेली तर गेली, पण देशाची मान ताठ राहील." काहींनी माना डोलावल्या, काहींनी टाळ्याही दिल्या. कोपऱ्यात बसलेल्या एक वयस्क काकू मात्र उठल्या आणि जवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "बाळ, तुझं म्हणणं खरंही असेल. पण आमचे जावई त्या विमानात आहेत. आता हे ध्यानात ठेव आणि तेच वाक्य माझ्याकडं बघून पुन्हा एकदा बोल."

ते वाक्य आम्हांस पुन्हा बोलता आले नाही. त्यांचे जावई ३१ डिसेंबरला सुखरूप परत आले. त्या काकू आज हयात नाहीत. परंतु त्यांनी घातलेला प्रश्न आमच्यापाशी राहिला, आणि त्याचे उत्तर शोधावे म्हणून आम्ही एंटेबेची हकीकत नीट वाचावयास घेतली. 'चार माणसे गेली तर गेली' असे आम्ही म्हणालो होतो. योगायोग असा की, एंटेबेच्या ओलिसांतील चारच माणसे गेली. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

प्रथम घटना. २७ जून १९७६ रोजी एअर फ्रान्सचे एक एअरबस विमान तेल अवीवहून पॅरिसला निघाले. वाटेत ते अथेन्सला थांबले आणि तेथे चौघे अपहरणकर्ते विमानात शिरले. दोघे पॅलेस्टिनी होते, आणि दोघे, एक पुरुष व एक स्त्री, जर्मनीतील एका जहाल डाव्या गटाचे होते. विमानात सुमारे अडीचशे प्रवासी आणि बारा कर्मचारी होते. अथेन्स सोडताच त्यांनी विमान ताब्यात घेतले. लिबियातील बेनगाझी येथे इंधन भरले आणि २८ जूनच्या पहाटे ते एंटेबेला उतरविले. तेथे त्यांचे आणखी साथीदार येऊन मिळाले. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन वरपांगी मध्यस्थ म्हणून वावरत होता, पण त्याचे सैन्य अपहरणकर्त्यांच्या बाजूने पहारा देत होते. मागणी अशी होती की, इस्रायल व अन्य चार देशांच्या तुरुंगांतील मिळून ५३ कैदी सोडावेत, नाहीतर १ जुलैपासून ओलिसांना ठार करण्यात येईल.

ओलिसांना विमानतळाच्या जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तेथे जे घडले ते वाचताना अंगावर काटा येतो. नावे पुकारून इस्रायली नागरिकांना, आणि त्यांच्याबरोबर काही अन्य ज्यूंना, शेजारच्या दालनात वेगळे काढण्यात आले. नावे वाचून माणसे निवडण्याचा हा प्रकार, आणि तोही जर्मन माणसाच्या तोंडून! हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्या दालनात होती. त्यांना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकत नाही. पॅलेस्टिनी जनतेच्या दुःखाचा प्रश्न खराच होता आणि आहे. परंतु सहलीला निघालेल्या आजीबाईंच्या आणि लेकरांच्या कपाळावर पिस्तूल टेकल्याने कोणताही खरा प्रश्न सुटत नाही, असे आमचे मत आहे.

मग ३० जून आणि १ जुलै या दोन दिवसांत, वेगळे न काढलेल्या सुमारे दीडशे प्रवाशांना सोडून देण्यात आले. विमानाचे कप्तान मिशेल बाकोस यांनाही जाण्यास मुभा होती. त्यांनी ती नाकारली. आपल्या विमानातला शेवटचा प्रवासी सुटेपर्यंत आपण जाणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांचे सर्व सहकारी त्यांच्याबरोबर राहिले. बाकोस ज्यू नव्हते, इस्रायली तर नव्हतेच. ते एका विमान कंपनीचे नोकर होते आणि प्रवासी त्यांच्या हवाली केलेले होते, इतकाच संबंध. ते २०१९ साली ९५ व्या वर्षी वारले. सेवेत असलेल्या कोणाही माणसाने आपल्या मेजावर ज्यांचे छायाचित्र ठेवावे, अशांपैकी ते एक होत.

आता एकूण १०६ माणसे उरली. इस्रायलचे पंतप्रधान इत्झाक राबिन आणि संरक्षणमंत्री शिमॉन पेरेस यांच्यापुढे पेच होता. एंटेबे सुमारे चार हजार किलोमीटर दूर; मधले देश बहुतेक विरोधातले. लष्कराजवळ प्रारंभी धड योजनाही नव्हती. अशा वेळी राबिन यांनी जे केले ते या कथेच्या उत्साही निवेदकांना सहसा आठवत नाही. १ जुलै रोजी त्यांच्या मंत्रिमंडळाने वाटाघाटी करण्यास, म्हणजेच कैदी सोडण्याची बोलणी करण्यास, मान्यता दिली. आणि विरोधी पक्षनेते मेनाकेम बेगिन यांनीही त्या निर्णयास पाठिंबा दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे त्या दिवशी एका बाजूस उभी राहिली. आम्ही चहाच्या टेबलाशी ज्यास भ्याडपणा म्हणालो होतो, तोच पर्याय एंटेबेच्या शूरांनी आधी स्वीकारला होता. जोपर्यंत माणसे सोडविण्याची भरवशाची योजना हाती नव्हती, तोपर्यंत माणसांचे प्राण पणाला लावण्यास राबिन तयार नव्हते.

बोलणी चालू राहिल्याने मुदत ४ जुलैपर्यंत वाढली. त्या काळात आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेसाठी अमीनला मॉरिशसला जावयाचे होते, हेही त्या मुदतवाढीचे एक कारण. मिळालेले हे तीन दिवस कसे वापरले गेले ते पाहण्यासारखे आहे. सुटून पॅरिसला पोचलेल्या प्रवाशांकडून माहिती घेण्यात आली : पहारेकरी किती, शस्त्रे कोणती, ओलीस कोणत्या दालनात, दारे कोणत्या बाजूस उघडतात. ती जुनी इमारत उभारण्यात एका इस्रायली बांधकाम कंपनीचा हात होता, त्यामुळे तिचे नकाशे मिळाले. मग तशीच मांडणी करून रंगीत तालीम घेण्यात आली.

हे वाचताना मराठी माणसाला लाल महाल आठवल्यावाचून राहत नाही. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात शायिस्तेखानावर रात्रीचा छापा घातला. एवढ्या प्रचंड छावणीच्या मध्यभागी जाऊन ते परत कसे आले, याचे एक कारण अगदी साधे आहे. तो वाडा त्यांचा स्वतःचा होता. त्यांचे बालपण तेथे गेले होते. कोणती भिंत कोठे जाते आणि कोणत्या दारामागे काय आहे, हे त्यांना शत्रूपेक्षा अधिक ठाऊक होते. आपण त्या रात्रीच्या धाडसाचे पोवाडे गातो ते योग्यच. पण त्या धाडसाच्या पोटात माहिती होती, आणि माहितीच्या पोटात सराव होता. गनिमी कावा हा शब्द आपण फार सैल वापरतो. त्याचा अर्थ अंगावर धावून जाणे असा नाही.

३ जुलैच्या दुपारी सिनाईतील शर्म अल्-शेख येथून चार हर्क्युलस मालवाहू विमाने निघाली. तांबड्या समुद्रावरून ती अत्यंत कमी उंचीने गेली, जेणेकरून रडारवर दिसू नयेत. मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली तेव्हा विमाने आकाशात होती. मंजुरी न मिळती तर ती परत वळविता आली असती. मोहिमेचे जमिनीवरील प्रमुख डॅन शोम्रॉन होते आणि ओलिसांच्या इमारतीवर चालून जाणाऱ्या तुकडीचे नेतृत्व योनातान नेतन्याहू या तीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे होते. रात्री अकराच्या सुमारास पहिले विमान एंटेबेच्या धावपट्टीवर उतरले. त्यातून एक काळी मर्सिडीज मोटार आणि लँडरोव्हर गाड्या बाहेर पडल्या. अमीनचाच ताफा आला असे पहारेकऱ्यांस वाटावे, ही युक्ती होती. पण दोन पहारेकऱ्यांनी गाडी अडविली, गोळ्या सुटल्या, आणि योजनेतील शांतता वेळेआधीच भंगली. तरीही सैनिक इमारतीत घुसले, ध्वनिवर्धकावरून हिब्रू भाषेत "खाली पडून राहा" असे ओरडले, आणि काही मिनिटांत तेथील अपहरणकर्ते मारले गेले. पाठलाग होऊ नये म्हणून विमानतळावरील युगांडाची मिग विमाने नष्ट करण्यात आली. सुमारे दीड तासात शेवटचे विमानही एंटेबेहून उडाले. वाटेत केनियातील नैरोबी येथे इंधन घेऊन ४ जुलै रोजी १०२ माणसे मायदेशी पोचली.

येथपर्यंतची कथा सर्वजण सांगतात. आता हिशेब.

योनातान नेतन्याहू त्या इमारतीबाहेर गोळी लागून मरण पावले. मोहिमेत मेलेले ते एकमेव इस्रायली सैनिक. दुसरा एक सैनिक जन्माचा पांगळा झाला. ओलिसांपैकी तिघे गोळीबारात सापडून गेले. त्यांतला एक एकोणीस वर्षांचा मुलगा गोंधळात उभा राहिला, आणि सोडविण्यास आलेल्यांच्याच गोळीस बळी पडला. अनेक युगांडी सैनिक मारले गेले. त्यांतील बहुतेकांना आपण कशासाठी पहारा देत आहोत हेही धड ठाऊक नसावे. ज्या केनियाने इंधन घेऊ दिले, त्या केनियाचे युगांडात राहणारे शेकडो नागरिक अमीनच्या सूडास बळी पडले. मदत एकाने केली आणि तिची किंमत पोटासाठी परदेशी गेलेल्या गरिबांनी मोजली. त्यांची नावे कोणत्याही विजयगाथेत नाहीत.

आणि चौथा ओलीस. डोरा ब्लॉक नावाच्या एक पंचाहत्तरीच्या आजीबाई होत्या. जेवताना घास घशात अडकला म्हणून त्यांना छाप्याच्या आदल्या दिवशी कंपालाच्या मुलागो रुग्णालयात नेले होते. विमाने आली आणि गेली तेव्हा त्या तेथेच होत्या. त्यांचा मुलगाही ओलिसांत होता. तो सुटून घरी पोचला, आई मागे राहिली. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश वकिलातीतील एक अधिकारी त्यांना भेटून आला. पुन्हा गेला तेव्हा त्याला आत सोडले नाही. अमीनच्या माणसांनी त्यांना ओढून नेऊन ठार केले होते. ब्रिटनने त्या महिन्याअखेर युगांडाशी राजनैतिक संबंध तोडले. १९७९ साली अमीन पळून गेल्यावर कंपालापासून काही अंतरावर त्यांचे अवशेष सापडले, आणि ते मायदेशी नेऊन त्यांचे दफन करण्यात आले.

याच चार माणसांविषयी आम्ही 'गेली तर गेली' असे म्हणालो होतो.

या घटनेवर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतही वाद झाला. दुसऱ्या देशाच्या भूमीत सैन्य उतरविणे हा त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे, असे आफ्रिकी देशांचे म्हणणे. आणि ज्या देशाचे सरकार अपहरणकर्त्यांना सामील झाले, तेथे आपल्या नागरिकांस वाचविणे हा स्वसंरक्षणाचा हक्क आहे, असे इस्रायलचे म्हणणे. कोणताच ठराव संमत झाला नाही. आमच्या अल्पमतीस दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. बलवानाने दुर्बलाच्या अंगणात केव्हाही उतरावे हा नियम झाला तर लहान देशांनी जगावे कसे? आणि घरमालकच चोराला दार उघडून देत असेल तर शेजाऱ्याने दारावर थाप देत किती वेळ उभे राहावे? कायद्याच्या पुस्तकात याचे निर्णायक उत्तर तेव्हा नव्हते, आजही पूर्णपणे नाही.

एंटेबेचे यश पाहून पुढे अनेकांना तसे करावेसे वाटले. १९७७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीच्या पथकाने सोमालियात मोगादिशू येथे लुफ्तान्साच्या विमानातील ८६ प्रवासी सोडविले. पण तेथे सोमालियाच्या सरकारची संमती होती. १९७८ च्या फेब्रुवारीत इजिप्तचे कमांडो सायप्रसच्या लार्नाका विमानतळावर संमतीवाचून उतरले. सायप्रसच्या सैनिकांशीच त्यांची चकमक झाली आणि पंधरा कमांडो प्राणास मुकले. १९८५ साली माल्टा येथे इजिप्तच्याच सैनिकांनी अपहृत विमानावर छापा घातला, आणि जवळपास साठ माणसे मृत्युमुखी पडली. इजिप्तचे सैनिक शौर्यात कमी होते असे म्हणता येणार नाही. जे कमी पडले ते तयारीत, माहितीत आणि यजमानाशी आधी बोलून ठेवण्यात.

आपल्या देशाचीही दोन उदाहरणे आहेत. १९९३ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी इंडियन एअरलाइन्सच्या अपहृत विमानात पहाटे शिरून सर्व १४१ जणांना सोडविले. या घटनेचा पोवाडा कोणी रचला नाही. आम्हांपैकी कित्येकांना ती आठवतही नसेल. त्याच अमृतसरला १९९९ साली कंदाहारचे ते विमान प्रथम उतरले होते. पाऊण तासाच्या आसपास ते तेथे उभे होते आणि मग हातचे निसटले. जी वेळ होती ती तीच. पुढे कंदाहारला विमानाभोवती तालिबानचे सशस्त्र पहारे होते, मध्ये पाकिस्तानचे आकाश होते, आणि वाटेत इंधन देणारे नैरोबी नव्हते. एका प्रवाशाची हत्या तोवर झालीच होती. तीन अतिरेकी सोडून बाकीचे प्रवासी परत आणण्यात आले. त्या तिघांनी पुढे काय केले हे सर्वांस ठाऊक आहे, आणि म्हणून तो निर्णय चूक होता असे मानणाऱ्यांचा आम्ही अनादर करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, एंटेबे हे त्या दिवशी कंदाहारला करता येण्याजोगे नव्हते. जे करता येण्याजोगे होते ते अमृतसरला होते, आणि ते धैर्याअभावी राहिले असे आम्हांस वाटत नाही. पाऊण तासात निर्णय घ्यावयाचा तर त्याची तयारी पुष्कळ आधी झालेली असावी लागते. निर्णयाची फाइल आग लागल्यावर उघडावयाची नसते, हे आम्ही नोकरीत शिकलो. एंटेबेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

शेवटी एक गोष्ट आपल्याशी अधिक जवळची. एंटेबे हे नाव आपल्या देशातील कित्येक कुटुंबांस १९७६ पूर्वीच परिचित होते. ब्रिटिश अमदानीत ते युगांडाच्या राज्यकारभाराचे ठाणे होते आणि तेथील कचेऱ्यांत आपल्या गोव्याची पुष्कळ माणसे कारकुनी करीत. गुजराती व्यापारी तर सर्व युगांडाभर पसरलेले होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये अमीनने या सर्वांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. दोन-दोन पिढ्यांची घरे, दुकाने, भांडीकुंडी मागे टाकून कुटुंबेच्या कुटुंबे याच एंटेबे विमानतळावर येऊन उभी राहिली. त्यांना घेऊन जाण्यासाठी कोणतीही हर्क्युलस विमाने रात्री उतरली नाहीत. त्यांनी रांगा लावल्या, झडत्या सोसल्या, आणि जो देश दार उघडील तेथे गेली. पुष्कळांना आधार मिळाला तो कोणा नातेवाइकाचा, कोणा गाववाल्याचा, किंवा परक्या शहरात आपली भाषा बोलणाऱ्या दहा माणसांच्या एखाद्या मंडळाचा.

आपण तर आपल्याच देशात आहोत; आपली आणि त्यांची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात रात्री-अपरात्री एक प्रश्न येतोच : उद्या काही झाले तर आपली आठवण कोणाला होईल? सरकार विमाने पाठवील तेव्हा पाठवील. तोपर्यंत यादीत आपले नाव आहे की नाही, रुग्णालयात कोण राहिले, कोणाची आई मागे राहिली, हे पाहणारा कोणीतरी लागतो. डोरा ब्लॉक यांच्याविषयी आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते हेच, की त्या रात्री १०२ मोजताना रुग्णालयातला एक आकडा हाताबाहेर होता. सैनिकांचा त्यात दोष नव्हता. पण हिशेब तर अपुराच राहिला.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना करून आम्ही रजा घेतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांची जी नवी सूची छापली जाणार आहे, तीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे वेगळ्या पानावर घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे जवळच्या एका तरुण सभासदाचे नाव लिहावे. आठवड्यातून एकदा त्याने त्या घराची कडी वाजवावी. पहिल्या नावापुढे आमचे नाव लिहिण्यास हरकत नाही. आम्ही तरुण नाही. पण त्या काकूंचे एक वाक्य आमच्याकडे थकलेले आहे, आणि कर्ज फेडण्यास वय आड येत नाही.